पावणं

परवा संध्याकाळी गणपती मंदिराजवळ भडंग घ्यायला थांबलो होतो, बायकोनं लसूण जास्त असलेलंच घ्या म्हणून दोनदा फोन करून बजावलेलं, आणि मागनं हाक आली, "ओ पावणं!" झालं. पोटात खड्डा. पैसे हातातच राहिले आणि दुकानदार म्हणतोय द्या की साहेब. मागं वळून बघितलं तर जुन्या ऑफिसातले शिपाई मामा, सायकल हातात धरून, तोंडभर हसत उभे.

आता सांगली-कोल्हापूरकडं पावणं, म्हणजे पाहुणे, हा किती गोड शब्द आहे हे बाहेरच्यांना मुद्दाम सांगायला लागतं. अनोळखी माणसाला रस्ता विचारायचा तरी "ओ पावणं", एसटीत सरकून घ्यायला सांगायचं तरी "पावणं, जरा सरका की". शिवी नाही, टोमणा नाही, काही नाही. मामांनी पण प्रेमानंच हाक मारली होती. आणि तरी माझे हात गार पडले, ती नोकरी सोडून दीड वर्ष होऊन गेलं तरी. असं का होतं ते एकदा लिहून टाकायचं बरेच दिवस डोक्यात आहे, तर आज रविवार आहे, पोरं मामाकडं गेलीत, लिहितोच.

पावणेतीन वर्षांपूर्वी (बघा, इथंही पावणं आलंच) मी एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजला अकाउंटंट म्हणून लागलो. सांगली-तासगाव भागात अशी कोल्ड स्टोअरेजं भरपूर आहेत, त्यातलं कुठलं ते सांगत नाही आणि कृपा करून अंदाजही लावू नका. त्याआधी सहा वर्षं एका टॅक्स कन्सल्टंटकडं होतो. ते सर महा तापट. चूक झाली की फाईल अंगावर यायची, अख्ख्या ऑफिससमोर उद्धार व्हायचा, पण तो सगळ्यांचाच व्हायचा, आळीपाळीनं, आणि संध्याकाळी तेच सर भडंग मागवून टेबलावर पेपर पसरून सगळ्यांना बोलवायचे. घरी जाताना डोक्यात काही नसायचं. हे मुद्दाम सांगतोय कारण पुढं बऱ्याच जणांनी मला ऐकवलं की तुला साधं ओरडलेलं सहन होत नाही. होतं हो. सहा वर्षं झालंय सहन.

नवीन ठिकाणी मला घेतलं धाकट्या मालकांनी. मोठे मालक थकलेले, पोराला सगळं कॉम्प्युटरवर, टॅलीवर पाहिजे होतं. आणि तिथं बावीस वर्षांपासून एक मॅनेजर साहेब होते, त्यांचं सगळं हातानं. रोजमेळ, खतावणी, आवक-जावक, अक्षर तर असं की नुसतं बघत बसावं. आता माझी चूक पहिली सांगतो. पहिल्याच आठवड्यात धाकट्या मालकांनी विचारलं किती वेळ लागेल हे सगळं चढवायला, तर मी साहेबांच्या समोर म्हणालो, "काही नाही हो, महिनाभराचं काम आहे." बावीस वर्षं आणि महिनाभर. त्यांच्या तोंडावरचं काहीतरी बदललेलं मला तेव्हाच दिसलं होतं पण मी आपला नवीन नवीन, हुशारी दाखवण्याच्या नादात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत शिरलो तर साहेब म्हणाले, "या पावणं, बसा. पावण्यांना पाणी द्या रे." सगळे हसले, मीही हसलो. मला वाटलं गंमत. तिसऱ्या दिवशी परत. पंधरा दिवसांत माझं नावच गेलं. हमाल, वजनकाट्यावरचा पोऱ्या, ट्रकवाले, सगळ्यांना मी पावणं. आणि साहेबांचा त्यातला रोख मला हळूहळू कळला. पाहुणा म्हणजे चार दिवसांचा. "आज पण आलासा व्हय पावणं? मला वाटलं गेलासा." हे रोज. रोज म्हणजे रोज.

यात तक्रार काय करणार? बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "पावणं म्हणतात त्यात काय एवढं, माझे काका पण तुम्हाला पावणंच म्हणतात की." बरोबरच आहे तिचं. ऑफिसातला हा त्रास दुसऱ्याला सांगताना नेमका इथंच अडकतो. एकेक गोष्ट सुटी काढून समोर ठेवली की इतकी बारकी दिसते की सांगणाराच येडा ठरतो. खुर्ची हलवली, टेबल काट्याच्या प्रिंटरशेजारी ठेवलं, दिवसभर कर्रर्र कर्रर्र, मग काय झालं, जागा कमी असेल. चहा मागवताना एक कप कमी सांगितला, विसरले असतील. वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मिरजेला जायचं तर सुट्टी नाही, सीझन असेल. व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री साडेदहाला "पावण्यांनी आजच्या एंट्र्या केल्या का झोपले?" आणि खाली पाच जणांचे हसण्याचे इमोजी, अरे मजा करतायत. प्रत्येक गोष्टीला कारण आहे. सगळ्या मिळून काय आहे ते फक्त ज्याच्यावर पडतंय त्याला कळतं, आणि त्यालाही लवकर कळत नाही, मला नऊ महिने लागले.

बेदाण्याचं चेंबर कधी बघितलंय का? आत फ्रिजसारखी थंडी, अंधूक दिवे, छतापर्यंत बॉक्सच्या थप्प्या, आणि मशीन रूमकडनं अमोनियाचा हलका वास. आत जायला खुंटीवर चार जॅकेटं असायची. माझ्या वेळी ती कुणीतरी घातलेली असायची नाहीतर साहेबांच्या कपाटात असायची, किल्ली सापडायची नाही. "पावणं, तीन नंबरला त्या लॉटचे बॉक्स मोजून या जरा." बरोबर जेवायच्या वेळेला. गेलो, मोजले, आलो, की "हां, मग पाच नंबरचे पण आणा मोजून." मोजणं माझं कामच नव्हतं, त्याला वेगळा माणूस होता. पण त्या मोजण्यापेक्षा बाहेर येणं वाईट असायचं. मला चष्मा आहे. थंडीतनं बाहेरच्या उन्हात आलो की काचांवर वाफ धरायची, मिनिटभर पुढचं काही दिसायचं नाही, आणि त्या मिनिटात समोरनं हसायचे आवाज यायचे. कोण कोण हसतंय ते कळायचं नाही. चष्मा शर्टाला पुसून डोळ्यावर लावेपर्यंत सगळे आपापल्या कामाला लागलेले.

आणि मग मार्च. एका शेतकऱ्याच्या पावतीवर मी ३४२ च्या जागी ३२४ बॉक्स लिहिले. माझी चूक, शंभर टक्के माझी, आकडे उलटे पडले, आणि बेदाण्याच्या व्यवहारात अठरा बॉक्स म्हणजे थोडे नव्हेत. त्याच दुपारी सापडलं, पावती बदलून दिली, शेतकऱ्याची माफी मागितली, तो बिचारा म्हणाला, "होतंय वो, माणूस हाय." साहेबांनी झापलं. झापायलाच पाहिजे होतं, त्याबद्दल माझं एक अक्षर म्हणणं नाही. पण दुसऱ्या दिवशी पहिला शेतकरी आला तसे साहेब म्हणाले, "पावणं, उभं राहा. यांना वाचून दाखवा काल किती लिहिलंत आणि किती पाहिजे होते." मी वाचलं. त्यानंतर दुसरा आला. परत वाचलं. तिसऱ्या दिवशी ती चुकीची पावती झेरॉक्स काढून माझ्या टेबलाच्या काचेखाली सरकवलेली. आठ दिवस, येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्यापुढं उभं राहून "तीनशे बेचाळीसच्या ठिकाणी तीनशे चोवीस". शेवटी शेवटी शेतकरीच मान खाली घालायचे. एक म्हातारे तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या वो साहेब, बसू द्या त्याला." तर साहेब हसून म्हणाले, "पावण्यांची करमणूक चाललीय."

झापणं आणि छळणं यातला फरक मला कुणी विचारला तर मी तेच सांगतो, पहिला दिवस झापणं होतं. पुढचे आठ दिवस दुसरंच काहीतरी होतं, कारण तोवर दुरुस्त करायचं काही उरलंच नव्हतं.

शरीराला माझ्या आधी कळलं होतं म्हणायचं. रविवारी दुपारी चार वाजले की जेवण वर यायला लागायचं. आम्ही हरिपूरला राहतो, तिथनं निघालं की चिंचांच्या झाडांमधनं रस्ता आहे, इतका सुंदर रस्ता, आणि मी गाडी वीसच्या स्पीडनं चालवत जायचो, पंक्चर व्हावी म्हणून मनात म्हणत. मिरजेत डॉक्टरला दाखवलं, ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या, ईसीजी झाला, सगळं नॉर्मल. शेवटी डॉक्टरनं पेन खाली ठेवून विचारलं, "नोकरी कशी चाललीय?" आणि मी, चौतीस वर्षांचा बाप्या, दोन पोरांचा बाप, त्या स्टुलावर बसून ढसाढसा रडलो. बाहेर पेशंट वाट बघतायत आणि मी रडतोय. त्यांनी १४४१६ नंबर लिहून दिला, ती टेलिमानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट, चोवीस तास. फोन करायला मला दहा दिवस लागले, नंबर पाकिटात ठेवून फिरत होतो. केला एकदाचा संगमेश्वराच्या घाटावर बसून, समोर कृष्णा-वारणेचा संगम आणि मी फोनवर एका अनोळखी बाईंना जॅकेटाबद्दल सांगतोय. त्यांनी काही फार मोठं सांगितलं नाही, नीट ऐकून घेतलं, पण एक विचारलं, "हे तुम्ही घरी सांगितलंय का?" नव्हतं सांगितलं. तुकड्या-तुकड्यात सांगितलं होतं, सगळं असं नव्हतं.

त्या रात्री घरी सगळं सांगितलं, बायकोला आणि आप्पांना. बायको नुसती पेटली, म्हणाली उद्याच राजीनामा तोंडावर मारून या. मलाही तेच पाहिजे होतं. आप्पा मात्र बराच वेळ गप्प. आमचे आजोबा हरिपुरात हळदीच्या पेवांवर कामाला होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हरिपूरला जमिनीत खोल खड्डे करून त्यात हळद साठवायचे, ती पेवं, २००५ च्या पुरात त्यातली बरीच गेली. आप्पा म्हणाले, "पेवाचं झाकण काढलं की लगेच आत उतरायचं नसतं. आत हवा नसते. माणूस जाग्यावर आडवा होतो. उघडायचं, हवा खेळू द्यायची, आणि मग उतरायचं. तू आज उघडलंयस. जरा थांब."

थांबलो. आणि माझा एक मित्र वकिलाकडं काम करतो, त्याला विचारलं. त्यानं पहिल्यांदा विचारलं, "लिहून ठेवलंयस का काही?" नाही. "मग तुला आठवतं ते फक्त तुझं म्हणणं झालं. आजपास्नं लिही. तारीख, वेळ, कोण कोण हजर होतं, आणि नेमके शब्द. तुला काय वाटलं ते लिहू नको, ते काय बोलले ते लिही." डायरी-बियरी कोण आणणार, आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकलेलं असतं, त्यावर बायको दुधाचे खाडे लिहिते, त्याच चौकोनात मी निळ्या पेनानं टिंब द्यायला लागलो, आणि सविस्तर मागच्या कोऱ्या जागेत. मार्चच्या मध्यापासून सुरू केलं. ग्रुपवरचे मेसेज स्क्रीनशॉट काढून स्वतःच्या मेलला टाकायचे हेही त्यानंच सांगितलं, आणि एक सांभाळायला सांगितलं की ऑफिसची कागदपत्रं, कंपनीचा डेटा यातलं काही घरी न्यायचं नाही, नाहीतर उलटं आपल्यावरच चोरीचं बालंट यायचं.

जूनमध्ये कधीतरी बायको दुधाचा हिशेब करत कॅलेंडरसमोर उभी होती आणि म्हणाली, "अहो, शनिवारी टिंब नाही तुमचं एक पण." मी म्हटलं असेल. "असेल काय, बघा की इकडं येऊन." बघितलं. मार्चपास्नं जूनपर्यंत टिंबंच टिंबं, सोमवार-मंगळवारी तर दोन-दोन तीन-तीन, आणि शनिवारची ओळ स्वच्छ. आणि शनिवारी काय असतं तर धाकटे मालक दिवसभर ऑफिसात बसतात.

मी त्या कॅलेंडरसमोर किती वेळ उभा होतो काय माहीत. कारण वर्षभर मला सगळ्यांनी एकच ऐकवलं होतं, कॉम्प्युटरवाल्या मॅडमनी, हमालांच्या मुकादमानं, अगदी माझ्या सासऱ्यांनी पण, की सोड रे, त्यांचा स्वभावच तसा आहे. तोंडानं फटकळ पण मनानं चांगले. मीही तेच मानून चाललो होतो. पण स्वभाव शनिवारी सुट्टीवर जात नाही हो. तापट माणूस मालकासमोर पण तापतो, माझे जुने सर क्लायंटवरही खेकसायचे. ज्याला नेमकं माहितीय कुठल्या दिवशी, कुणापुढं, किती बोलायचं, त्याला आपण काय करतोय हे पण माहिती असतं.

मग मी जरा वाचायला लागलो. स्वीडनमध्ये हाइन्झ लायमन म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९८० च्या दशकात या प्रकाराचा पद्धतशीर अभ्यास केला, त्याला नाव दिलं मॉबिंग. हा शब्द आला पक्ष्या-प्राण्यांच्या अभ्यासातनं, कावळे मिळून घुबडाला पिटाळतात बघा, तसं. त्यांनी असल्या ४५ वागण्यांची यादी केली होती, आणि त्यात मारहाण-शिव्या आहेतच पण बोलू न देणं, वेगळं बसवणं, निरर्थक कामं देणं, टोपणनावानं बोलावणं हेही आहे. रात्री अकरा वाजता मोबाईलवर ते वाचताना मला कसं वाटलं सांगू का, कुणीतरी आमच्या ऑफिसात येऊन बघून गेलंय असं. त्यांची मोजपट्टी अशी की आठवड्यातनं निदान एकदा आणि असं निदान सहा महिने. माझ्या कॅलेंडरवर तेव्हा तीनच महिने झालेले, म्हणजे नियमाप्रमाणे माझा छळ अजून पिकायचा होता! बायकोला सांगितलं तर ती हसली नाही.

स्वीडननं १९९३ मध्येच यावर नियम केले, फ्रान्सनं २००२ मध्ये कायदा केला. आपल्याकडं? आपल्याकडं नुसत्या दादागिरीवर, अपमानावर वेगळा असा कायदा नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०१९ मध्ये कामाच्या ठिकाणची हिंसा आणि छळ यावर करार केला, १९० नंबरचा, त्याला भारतानं मान्यता दिलेली नाही. धमकी दिली तर भारतीय न्याय संहिता आहे, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला जातीवरून बोललं तर १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आहे, पण "पावणं, उभं राहून वाचा" याला कलम नाही. बायकांच्या बाबतीत, छळ लैंगिक स्वरूपाचा असेल तर मात्र २०१३ चा कायदा आहे आणि तो बराच धारदार आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर तक्रार समिती ठेवायलाच लागते, नाही ठेवली तर मालकाला पन्नास हजारापर्यंत दंड. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा खुद्द मालकाविरुद्धच तक्रार असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार लेखी आणि तीन महिन्यांच्या आत करायची, अगदीच कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. आणि अंगाला हात लावला तरच लैंगिक छळ असं काही नाही, घाणेरडं बोलणं पण त्यातच येतं.

हे मी मॅडमना सांगितलं. कारण तोवर मला कळलं होतं की माझ्या आधी त्यांची पाळी होती, आणि त्यांच्याबाबतीत बोलणं साडीवर, गजऱ्यावर, नवरा बाहेरगावी असण्यावर होतं. आमच्याकडं हमाल धरून वीसेक माणसं, समितीचा पत्ता नाही. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, घरी कळलं ना तर ते त्यांना काही नाही म्हणणार, मला नोकरी सोडायला लावतील." त्यावर मी काय बोलणार. नंतर आम्ही दोघांनी एक ठरवलं, कुणी त्यांच्यावर काही बोललं की मी हसायचं नाही आणि माझ्यावर बोललं की त्यांनी हसायचं नाही. एवढंच. आणि सांगतो, दोन माणसं हसायची थांबली की त्या विनोदाची रया जाते. बाकीचे इकडं-तिकडं बघायला लागतात.

हसण्यावरनं आठवलं, म्हणजे विसरलोच नव्हतो, टाळत होतो. शिपाई मामा बोलताना अडखळतात, क आला की जीभ लागत नाही. नोकरीला लागून चारेक महिने झाले असतील, साहेब लँडलाइनची रिंग वाजली की मामांना म्हणायचे, "उचला, आणि सांगा कुठनं बोलताय." मामा रिसिव्हर घेऊन "क... क... क..." आणि तोवर पलीकडचा हॅलो हॅलो करतोय. सगळे हसायचे. मीही हसायचो. साधं नाही, जोरात हसायचो, कारण ते पाच मिनिटं मी पावणं नसायचो, त्यांच्यातला असायचो. मामा पंचावन्नचे, माझ्या काकाच्या वयाचे. हे कॅलेंडरवर कुठं लिहायचं?

बरं, मग केलं काय. एक म्हणजे तोंडी काम आलं की "साहेब, तेवढं व्हॉट्सॲपला टाका की, विसरतो मी" म्हणायला लागलो. निम्मी कामं तिथंच गळाली. दुसरं, पावणं म्हणाले की मी माझं नाव सांगायचो. चढा आवाज नाही, राग नाही, नुसतं नाव. पहिल्यांदा म्हणालो तेव्हा खोलीत फक्त काट्याचा प्रिंटर वाजत होता. आठवडाभर हे चाललं, आणि मग साहेबांनी पावणं म्हणायचं बंद केलं. आणि श्रीयुत म्हणायला सुरुवात केली! "श्रीयुत, इकडं येता का?" तेव्हा कळलं की ह्याला औषध नावात नाही.

मग ऑगस्टातल्या एका शनिवारी धाकट्या मालकांपुढं कागद ठेवला. एकच पान. अकरा मुद्दे, तारीख, वेळ, हजर कोण, शब्द काय. छळ, अपमान, अन्याय असला एकही शब्द त्यात नव्हता, मित्रानं तीनदा खोडून घेतलं होतं. मालक वाचत गेले. जॅकेटावर काही नाही, पावती वाचण्यावर "च्च" केलं, आणि म्हणाले, "आहो ते बाबांच्या वेळचे आहेत, घरचेच, तुम्ही जरा ॲडजस्ट करा." तेवढ्यात नववा मुद्दा आला. लाईट बिल. कोल्ड स्टोअरेजचं लाईट बिल म्हणजे काय असतं विचारू नका, आणि ते मुदतीआधी लवकर भरलं की सूट मिळते. दोन महिने बिल साहेबांच्या ड्रॉवरमध्ये पडून राहिलेलं आणि मालकांना सांगितलेलं की अकाउंटंट विसरला. माझ्याकडं ग्रुपवरचा माझाच मेसेज होता, "साहेब, बिल आलं का? सूट जाईल." मालक खुर्चीत सरळ बसले. "किती गेली सूट?" एका माणसाची झोप गेली, भूक गेली, ते पान दोन मिनिटांत उलटलं, पण बिलातली सूट गेली म्हटल्यावर कॅल्क्युलेटर बाहेर आला. मी चिडलो नाही. उलट मनात म्हटलं हा मुद्दा पहिला टाकायला पाहिजे होता. तुम्ही कुणी असा कागद करणार असाल तर धंद्याचं नुकसान झालेला मुद्दा वर घ्या, मालक लोकांना ती भाषा पटकन समजते.

माझं टेबल परत आत आलं. तीन आठवडे साहेब एक शब्द बोलले नाहीत. चौथ्या आठवड्यात सुरू झालं, पण आता हळू आवाजात, मला एकट्यालाच ऐकू येईल असं. तोवर माझी दुसरीकडं बोलणी झाली होती. रीतसर नोटीस दिली, महिना भरला, पगार, अनुभवाचं पत्र, पीएफची कागदं, सगळं हातात घेतलं आणि मगच बाहेर पडलो. आप्पांचं पेव. रागानं मार्चमध्येच उठलो असतो तर ह्यातलं काही हातात पडलं नसतं आणि घराचा हप्ता मात्र चालूच राहिला असता. जिंकलो वगैरे अजिबात नाही, साहेब आजही त्याच खुर्चीत आहेत. शेवटच्या दिवशी मी त्यांची जुनी खतावणी कपाटात ठेवत होतो, ते बघत होते, आणि म्हणाले, "नीट ठेवा, त्यात माझं आयुष्य गेलंय." खरंच वाटलं मला वाईट. त्यांना भीती होती, महिनाभराचं काम म्हणणारा पोरगा उद्या आपल्याला घरी बसवेल ही. ती भीती मी समजू शकतो. जॅकेट कपाटात का ठेवायचं ते अजून समजत नाही.

तर परवा मामांबरोबर चहा घेतला. मी म्हटलं, "मामा, त्या फोनचं... मी पण हसायचो." मामा कपात बघत म्हणाले, "सगळेच हसायचे वो." पुढं काही नाही. माफ केलं म्हणाले नाहीत, राग आहे असंही म्हणाले नाहीत. मग बाकीच्या गप्पा, रिटायरला दोन वर्षं राहिलीत, पोरगीचं जमवायचंय. आणि उठता उठता सहज म्हणाले की नवीन पोरगं घेतलंय अकाउंटला, आष्ट्याकडचं आहे, कोवळं आहे अजून, काट्याच्या प्रिंटरशेजारी बसवलंय त्याला. त्याला साहेब जावईबापू म्हणतात.

मी मामांकडनं त्या पोराचा नंबर घेतला. तीन दिवस झाले, मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवलाय, अजून फोन केलेला नाही. उचलला तर सांगायचं काय, कोण बोलतंय म्हणून? माझं नाव त्याला कुठं माहीत असणार. "पावणं बोलतोय" म्हटलं तर मात्र त्याला लगेच कळेल.